मोटारीतला वूफर : सुरक्षित जोडणी

दहिसर म्हणजे मुंबईची उत्तरेकडची वेस. पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडणारे हे गाव १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. पश्चिम द्रुतगती महामार्ग इथवर येतो, आणि नाक्यापलीकडे तोच रस्ता वसई-पालघरच्या बाजूने गुजरातकडे निघून जातो. या नाक्यापाशी घटकाभर उभे राहावे. एखादी गाडी दिसण्याच्या आधीच तिच्यातल्या गाण्याचा ठोका छातीत जाणवतो. काचा बंद असतात, गाणे कोणते ते कळत नाही, पण मागची नंबरप्लेट थरथरताना मात्र दिसते. हा खोल, घुमणारा आवाज काढणारा जो मोठा स्पीकर डिकीत बसविलेला असतो त्याला सबवूफर म्हणतात. आपण त्याला नुसते वूफर म्हणू.

ही हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. गावाकडच्या जीपमध्ये, पिकअपमध्ये, ट्रॅक्टरवरसुद्धा वूफर बसू लागले आहेत. शहरात वापरून झालेल्या गाड्या पुढे गावाकडे विकल्या जातात, तेव्हा आतली वायरिंगही नव्या मालकाच्या पदरी पडते. म्हणून आज जे सांगावयाचे आहे ते नव्याने वूफर बसविणाऱ्याला जितके उपयोगी, तितकेच जुनी गाडी घेणाऱ्यालाही उपयोगी आहे.

गाणे कोणते लावावे हा आजचा विषय नाही. बॅटरीपासून वूफरपर्यंत वीज कोणत्या वाटेने न्यावी, हा विषय आहे. वाट चुकली तर गाणे बंद पडते एवढ्यावरच भागत नाही. गाडी पेटते, आणि गाडीत आपली माणसे बसलेली असतात.

तुम्ही म्हणाल, 'अहो, मोटारीची बॅटरी ती काय! बारा व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. तिची एवढी भीती कशाला?' श्रोतेहो, नेमकी हीच समजूत घात करते. घरातल्या २३० व्होल्टची वीज माणसाला झटका देते, म्हणून आपण तिला भिऊन असतो. बारा व्होल्टची वीज कोरड्या हाताला झटका देत नाही, हे खरे. पण तारेतून किती प्रवाह वाहतो, यावर तार किती तापणार ते ठरते. आणि प्रवाहाच्या बाबतीत मोटारीची बॅटरी घरच्या मीटरला मागे टाकते.

थोडा हिशेब करून पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी तो फळ्यावर मांडावा. ५०० वॉटचे एखादे घरगुती यंत्र २३० व्होल्टवर दोन अँपियरच्या थोडा वर प्रवाह घेते. आता ५०० वॉट आवाज देणारा ॲम्प्लिफायर मोटारीत बसवा. इंजिन चालू असताना मोटारीतला दाब साधारण १३.८ व्होल्ट असतो. ॲम्प्लिफायर घेतलेली सगळी वीज आवाजासाठी वापरत नाही. चांगला असला तरी शंभरातली वीसेक टक्के उष्णतेत घालवितो. म्हणजे ५०० वॉट देण्यासाठी त्याला ६२५ वॉट घ्यावे लागतात. ६२५ ला १३.८ ने भागा : ४५ अँपियर येतात. घरच्या दोन अँपियरच्या जागी मोटारीत पंचेचाळीस! दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त. टाकी उंचावर असली की बारीक नळानेही भरपूर पाणी मिळते. टाकी जमिनीलगत असली तर तेवढेच पाणी न्यायला रुंद पाट काढावा लागतो. मोटारीतली वीज ही जमिनीलगतच्या टाकीसारखी आहे. तिला रुंद पाट, म्हणजे जाड तार हवी.

जाड म्हणजे किती? बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत तार न्यायची तर पाच मीटर तरी लागते. घरात प्लगसाठी वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली, तर पाच मीटरचा रोध सुमारे ०.०३४ ओहम होतो. आकडा किती क्षुल्लक दिसतो! पण उष्णतेच्या हिशेबात प्रवाहाचा वर्ग येतो. पंचेचाळीसचा वर्ग २०२५, त्याला ०.०३४ ने गुणा. जवळजवळ ७० वॉट उष्णता त्या तारेत तयार होते. कथील वितळविणारी साधी डाग द्यायची इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे गालिच्याखाली अशा पावणेतीन इस्त्र्या पसरून ठेवल्यासारखे झाले. शिवाय दीड व्होल्ट वाटेतच खर्च झाला, तो निराळाच. तेच सोळा स्क्वेअर एमएमची तार वापरली तर उष्णता अकरा वॉटांवर येते आणि वाटेत पाव व्होल्टही जात नाही. गाण्याचा ठोका थांबून थांबून पडतो, त्यामुळे पूर्ण प्रवाह सतत वाहत नाही हे कबूल; पण तार निवडताना भर पुराचाच विचार करावा. उन्हाळ्यातले पाणी पाहून कोणी पूल बांधीत नाही.

इथे बाजारातली एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. स्वस्तात मिळणाऱ्या वायरिंगच्या पुष्कळशा संचांत तार तांब्याची नसते. आत ॲल्युमिनियम असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा. आत रुपेरी दिसले तर मुलामा आहे असे समजावे. मात्र तांब्याच्या काही चांगल्या तारांनाही वरून कथील चढविलेले असते. तिथे वर रुपेरी आणि आत लाल दिसते. महत्त्व आतल्या रंगाला. मुलाम्याची तारच वापरावयाची झाली तर एक पायरी जाड घ्यावी. काही तारांवर रबरी आवरणच जाड चढविलेले असते. तिची जाडी वरून न मोजता धातूची मोजावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तो म्हणजे फ्यूज.

पुष्कळांना वाटते की फ्यूज ॲम्प्लिफायर वाचविण्यासाठी असतो. आणि ॲम्प्लिफायरच्या अंगावर फ्यूज बसविलेला असतोच, मग दुसरा कशाला? श्रोतेहो, ज्यांनी शेतात दारे धरली आहेत त्यांना हे चटकन समजेल. विहिरीपासून वावरापर्यंत पाट आहे. पाण्याला अडविणारे दार तुम्ही वावराच्या तोंडाशी बसविलेत. मध्येच कुठे पाट फुटला, तर ते दार बंद करून काय उपयोग? विहिरीतले पाणी फुटल्या जागेतून वाहतच राहणार. पाट फुटला तरी पाणी थांबावे असे वाटत असेल, तर दार विहिरीपाशीच हवे.

बॅटरी ही आपली विहीर. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज हे वावरातले दार. ते ॲम्प्लिफायरचे रक्षण करते. परंतु बॅटरीपासून डिकीपर्यंत जी पाच मीटर तार जाते, तिचे रक्षण त्या फ्यूजने होत नाही. ती तार पत्र्याच्या कडेवर घासून सोलली आणि गाडीच्या बॉडीला टेकली, तर काय होईल? पुन्हा हिशेब करा. अडीच स्क्वेअर एमएमच्या तारेचा रोध ०.०३४, बॅटरीचा स्वतःचा व बाकी वाटेचा मिळून एक शतांश ओहम धरा. १२.६ व्होल्टला एकूण ०.०४४ ने भागले की २८० अँपियरांच्या वर आकडा जातो. त्या तारेत निर्माण होणारी उष्णता अडीच हजार वॉटांहून अधिक! पाणी तापविणारा घरचा गीझर बहुधा दोन हजार वॉटचा असतो. म्हणजे एका गीझरहून जास्त उष्णता बोटाहून बारीक तारेत, सीटखाली, गालिच्यात आणि फोममध्ये. काही क्षणांत आवरण वितळते आणि धूर निघतो. हे सगळे घडताना ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज शाबूत असतो, कारण त्याच्यातून हा प्रवाह गेलेलाच नसतो.

म्हणून आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल तर हे ठेवा : फ्यूज तारेसाठी असतो आणि तो बॅटरीपाशी असतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून तारेच्या दीड फुटाच्या आत तो बसवावा. जितका जवळ तितका चांगला. फ्यूज किती अँपियरचा घ्यावा, तेही तारेवरूनच ठरवावे. सोळा स्क्वेअर एमएमच्या चांगल्या तांब्याच्या तारेला ६० अँपियरचा फ्यूज ठीक होतो. तार बारीक असेल तर फ्यूजही लहान हवा. मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी मोठा फ्यूज लागणार असेल, तर आधी तार जाड करावी, मग फ्यूज वाढवावा. उलट करू नये.

फ्यूज उडाला की आपल्याकडे एक खोड आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळावयाची, किंवा तांब्याची तार वळून बसवावयाची. असे केले की दार कायमचे उघडे राहिले. फ्यूज उगीच उडत नाही. तो उडाला म्हणजे कुठे तरी पाट फुटला आहे. आधी फुटलेली जागा शोधावी, दुरुस्त करावी, आणि मग त्याच आकड्याचा नवा फ्यूज घालावा. काही लोक गाडीत दुसरी बॅटरी डिकीत ठेवतात. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेवर दोन्ही टोकांना फ्यूज हवा. दोन विहिरी असल्या की दारेही दोन लागतात.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते क्रमाने सांगतो. हे काम शक्यतो चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. पण तो काय करतो आहे हे आपल्याला कळले पाहिजे.

पहिली गोष्ट, गाडी बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावे, आणि काम पुरे झाल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. निगेटिव्हच आधी का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आपण पॉझिटिव्हचा नट सोडवू लागलो आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीचा सगळा प्रवाह पान्यातून धावतो. निगेटिव्ह आधी काढले असेल तर पाना कुठेही टेको, वाट पुरी होत नाही. हातातली अंगठी, कडे, धातूचा पट्टा काढून ठेवावा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण तापलेली अंगठी बोट भाजून काढते.

दुसरी गोष्ट, तार इंजिनाच्या बाजूने आत नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घातलाच पाहिजे. उघड्या पत्र्याची कड म्हणजे पातीच. इंजिन चालू असले की तार थरथरते, आणि महिन्या दोन महिन्यांत आवरण कापले जाते. बॉनेटखाली तारेवर फ्लेक्झिबल पाइप चढवावा, सायलेन्सरच्या गरम पाइपापासून आणि पेट्रोलच्या नळीपासून ती दूर ठेवावी, फूट-फूटभरावर बांधावी. सीट ज्या पट्ट्यांवर पुढे-मागे सरकते त्यांच्या खालून तार नेऊ नये. नव्या गाड्यांत पिवळ्या आवरणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

तिसरी गोष्ट अर्थची. ॲम्प्लिफायरची काळी तार जवळच बॉडीला जोडावी. ती लाल तारेइतकीच जाड असावी आणि शक्यतो दीड-दोन फुटांहून लांब नसावी. जेवढी वीज लाल तारेने येते तेवढीच काळ्या तारेने परत जाते, हे पुष्कळजण विसरतात. जिथे जोडावयाची तिथला रंग घासून पत्रा उघडा करावा, तारेला चांगली दाबलेली थिंबल लावावी, नट-बोल्टने घट्ट आवळावी, आणि वरून थोडे ग्रीस किंवा रंग लावावा म्हणजे गंज चढणार नाही. सीट-बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. तो जीव वाचविण्यासाठी आहे. नवे भोक पाडावयाचे असेल तर आधी गाडीखाली वाकून पाहावे. डिकीच्या पत्र्याखाली पुष्कळदा इंधनाची टाकी असते.

चौथी गोष्ट सांध्यांची. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे सांधा नव्हे. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो आणि पट्टी सुटते. थिंबल दाबून बसवावी व तिच्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. ढिला सांधा हा लहानसा शेगडीचा तुकडाच असतो. काम झाल्यावर अर्धा तास गाणे लावून प्रत्येक सांध्याला हात लावून पाहावा. कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर सांधा पुन्हा करावा.

पाचवी, ती बारीक निळी वायर. तिला रिमोट वायर म्हणतात. टेप चालू झाला की तिच्यातून ॲम्प्लिफायरला जागे होण्याचा इशारा मिळतो. काही जण ही वायर थेट बॅटरीला जोडून टाकतात. मग ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा राहतो आणि सकाळी गाडी धक्का मारून चालू करावी लागते. आवाजाचा संदेश नेणारी वायर मात्र जाड लाल तारेच्या शेजारून नेऊ नये. एक डावीकडून तर दुसरी उजवीकडून न्यावी. नाही तर इंजिनाची शिट्टी गाण्यात ऐकू येते.

इतके झाले की ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नीट पोहोचली. आता त्याच्यापुढे वूफर जोडावयाचा. इथे ओहमचा नियम पुन्हा कामाला येतो. गेओर्ग ओहम हे जर्मनीत कोलोन शहरी शाळेत शिकवीत होते, आणि त्यांचा विजेच्या नियमाचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी हे मुलांना आवर्जून सांगावे : एका शाळामास्तरांचा नियम आज प्रत्येक गाडीच्या डिकीत पाळावा लागतो.

वूफरवर ४ ओहम, २ ओहम असे लिहिलेले असते. लोकांना वाटते, आकडा लहान म्हणजे ओझे हलके. खरे ते उलट आहे. ओहम जितके कमी, तितका प्रवाह जास्त आणि ॲम्प्लिफायरवर ओझे भारी. चार-चार ओहमचे दोन वूफर एकापुढे एक जोडले तर आठ ओहम होतात. तेच शेजारी-शेजारी, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे जोडले तर दोन ओहम. काही वूफरांत दोन कॉइली असतात. चार-चार ओहमच्या दोन कॉइलींचे दोन वूफर घेऊन चारही कॉइली शेजारी-शेजारी जोडल्या तर फक्त एक ओहम उरतो. ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेत 'कमीत कमी दोन ओहम' असे लिहिले असेल आणि त्याला एक ओहम जोडला, तर दोन बैलांच्या गाडीला एकच बैल जुंपल्यासारखे होते. थोडा वेळ ओढील, मग बसेल. आणि बसताना पेटण्याचीही धास्ती. दोन चॅनेल एकत्र करून एकच वूफर चालविण्याची रीत आहे, तिला ब्रिज करणे म्हणतात. त्या वेळी कमीत कमी ओहमचा आकडा बहुधा दुप्पट होतो; दोनाचे चार. म्हणून पुस्तिका वाचल्याशिवाय ब्रिज करू नये.

जोडणी झाली की ॲम्प्लिफायरला लावण्याआधी मल्टिमीटरने मोजून पाहावे. चार ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवितो, त्यात चूक काही नाही. शून्याजवळ दाखविले तर कुठे तरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. प्लस-मायनस ओळखण्यासाठी टॉर्चचा साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचा प्लस वूफरच्या प्लसला लागला की कागदी शंकू बाहेर येतो. दोन वूफरांपैकी एक उलटा जोडला गेला तर एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढतो. मग दोन असूनही ठोका एकाहून कमी पडतो, आणि लोक उगीच आवाज वाढवीत बसतात.

खोक्यावरच्या वॉटांविषयीही दोन शब्द. खोक्यावर '१२०० वॉट' असे ठळक छापलेले असते. त्यावर जाऊ नये. ॲम्प्लिफायरच्या अंगावरचा फ्यूज पाहावा. तो ३० अँपियरचा असेल तर ३० ला १३.८ ने गुणा : ४१४ वॉट. एवढीच वीज तो सतत आत घेऊ शकतो. त्यातली वीस टक्के उष्णतेत गेली की आवाजाला ३३० वॉट उरतात. मग १२०० आले कुठून? विहिरीत नाही ते पोहऱ्यात येणार कसे? आरएमएस म्हणून जो आकडा पुस्तिकेत असतो, तोच खरा धरावा. गेनचे बटण हे आवाज मोठा करण्याचे बटण नव्हे. ते शेवटपर्यंत फिरविले की आवाज फाटतो, वूफरची कॉइल तापते आणि जळका वास येतो. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्यावे.

आता मुंबईकडच्या गाड्यांना विशेष लागू असलेली गोष्ट. इथल्या पुष्कळ मोटारी सीएनजीवर चालतात आणि त्यांची टाकी डिकीतच असते. वूफरही तिथेच येऊन बसतो. अशा गाडीत टाकीच्या पट्ट्यांना, नळीला किंवा झडपेला ॲम्प्लिफायर वा तार बांधू नये, तिथे भोके पाडू नयेत, आणि वायू बाहेर जाण्यासाठी ठेवलेली वाट खोक्याने बुजवू नये. गॅसचा वास आला तर गाणे बंद करण्यासाठीही बटण दाबत बसू नये. गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये.

दुसरी गोष्ट पावसाची. दहिसर नदी तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून खाली येते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. डिकीच्या तळाशी बसविलेला ॲम्प्लिफायर अशा पाण्यात सर्वांत आधी बुडतो. म्हणून तो तळाला न ठेवता थोडा उंचावर, हवा खेळेल असा बसवावा. त्याच्यावर सामान किंवा घोंगडी टाकू नये. गाडीत पाणी शिरलेच, तर पाणी ओसरल्यावर लागलीच किल्ली फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि सगळे सांधे उघडून, वाळवून, तपासून मगच जोडावे.

गावाकडच्या श्रोत्यांसाठी आणखी एक इशारा. मोठ्या ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. तिथे दाब चोवीस व्होल्टचा असतो. मोटारीचा ॲम्प्लिफायर त्याला सरळ जोडला तर जळून जाईल. म्हणून काही जण दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेतात. तेही बरोबर नाही, कारण मग एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी वाजवीपेक्षा जास्त भरली जाऊन खराब होते. चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो वापरावा. त्याच्याही आधी, बॅटरीपाशी, फ्यूज हवाच.

जुनी गाडी घ्यावयास गेलात तर टायर आणि रंग पाहता, तसे बॉनेटही उघडा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर कारखान्याने दिलेल्या तारांखेरीज आणखी एखादी लाल तार बसविलेली दिसते का? दिसली तर तिच्यावर बोट ठेवून पुढे जा. दीड फुटाच्या आत फ्यूज सापडला, तार पाइपात आहे आणि भोकात रबर आहे, तर काम जाणत्याने केले असे समजा. फ्यूज सापडला नाही, तर सौदा करा किंवा न करा, पण ती तार त्याच दिवशी काढून घ्या. वूफर नसला आणि नुसती तार मागे उरली असली, तर ती अधिकच वाईट. कारण तिचे दुसरे टोक कुठे लोंबते आहे, हे कुणालाच ठाऊक नसते.

इतकी काळजी घेऊनही गाडीत जळका वास किंवा धूर आला, तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि आधी माणसे उतरवावीत. सामानाचा विचार नंतर. बॉनेटखालून ज्वाळा निघत असतील तर बॉनेट उघडू नये. उघडले की वारा मिळतो आणि आग भडकते. दूर जाऊन १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

शेवटी शिक्षकांना एक लहानसा प्रयोग सुचवितो. टॉर्चचा एक साधा सेल घ्या. लवचीक वायरीतला एकच बारीक धागा वीतभर लांब काढा आणि त्याच्या मध्यावर मेणबत्तीच्या मेणाचा थेंब टाकून गोठू द्या. मग धाग्याची टोके चिमट्याने धरून सेलच्या दोन्ही टोकांना तीन-चार सेकंद टेकवा. मेण वितळू लागेल. नंतर तेवढ्याच लांबीची जाड तार घेऊन तसेच करा. तिच्यातून प्रवाह उलट थोडा जास्तच जातो, तरी मेण जसेच्या तसे राहते. प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हाताने करावा, मुलांच्या हाती देऊ नये. आणि मोटारीच्या बॅटरीवर तर तो कदापि करू नये. दीड व्होल्टचा एक सेल जर मेण वितळवितो, तर मोटारीची बॅटरी काय करील, हे मुलांना न सांगताच उमगेल. यातली काही मुले उद्या गॅरेजात काम करतील, काही गाड्या विकत घेतील. फ्यूज कुठे बसवायचा हे त्यांना आजच ठाऊक असलेले बरे.

श्रोतेहो, हौस वाईट नाही. गाणे ऐकावे, प्रवास सुखाचा करावा. आवाज मात्र इतकाच ठेवावा की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा आपल्या कानी पडेल. आणि गाणे लावण्यापूर्वी एकदा बॉनेट उघडून पाहावे, की दार विहिरीपाशी आहे ना.